मुरंब्याच्या बरणीवरचं पत्र

प्लमच्या मुरंब्याच्या बरणीवर बांधलेला कागद सोडताना प्रुडन्सने त्यावरचं अक्षर ओळखलं. ते तिच्या नणंदेचं होतं. ॲबिगेल नवऱ्याच्या व्यापारापायी सहा वर्षं तुर्कांच्या मुलखात, स्मर्नाला राहिली होती.

'इथे देवीच्या रोगाचं कुणाला भय नाही,' तिने लिहिलं होतं. 'सौम्य देवी आलेल्या मुलाच्या फोडातला पू म्हाताऱ्या बायका सुईने निरोगी मुलाच्या दंडात टोचतात. आठवडाभर ताप, थोडे फोड, की संपलं. पुन्हा देवी येत नाही. गिडियन, तू डॉक्टर आहेस. तुझ्या टोबी आणि लेटीसाठी विचार कर.'

तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. टोबी गेल्या हिवाळ्यात देवीनेच गेला होता.

तो चिकट कागद घेऊन प्रुडन्स तशीच नवऱ्याच्या खोलीत शिरली. "हे वाचलं होतंत तुम्ही?"

डॉक्टर थर्लोने मान वर केली. "ताईची असली पत्रं खूप यायची. मित्रांना वाचून दाखवली, हसलो, रद्दी स्वयंपाकघरात दिली."

"हसलात?"

"मग काय, अडाणी म्हाताऱ्यांकडून वैद्यकी शिकू? लोक तोंडात शेण घालतील."

"आणि तुम्ही शिकलेल्यांनी काय केलंत? खिडक्या बंद करून तीनदा रक्त काढलंत. पोर थंड पाण्यासाठी तळमळत होतं, तेही दिलं नाहीत. अहो, मला एका शब्दाने सांगायचं तरी!"

गिडियनने तिच्या हातून कागद घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचला.

त्याच महिन्यात त्यांच्या गावात, नॉरिचमध्ये, पुन्हा देवीची साथ आली. त्या वसंतात विधवा होऊन परतलेल्या ॲबिगेलला प्रुडन्सने बोलावून घेतलं.

"ताई, लेटी दगावली तर?" गिडियनने विचारलं.

"दगावू शकते. खोटं सांगणार नाही. तिथेही शंभरात एखाददुसरं जातं. पण तुमच्या गल्लीत अकरा मुलांना देवी आल्या, त्यातली चार गेली. तूच बघायला गेला होतास ना? माझ्या मुलीला मी स्वतःच्या हाताने टोचलंय."

"वन्सं, सुई काढा," प्रुडन्स म्हणाली. "मी यांना विचारत नाहीये, सांगतेय."

या वेळी गिडियन आडवा आला नाही. गल्लीतल्या सौम्य देवी आलेल्या मुलाच्या फोडातला पू ताईने लेटीला टोचला. मग तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, म्हणजे तिच्यापासून कुणाला बाधा नको. आठव्या दिवशी ताप चढला. गिडियनने स्वतः खिडकी उघडली, लेकीला पाणी पाजलं. फोड आले ते सतरा. बाराव्या दिवशी ती लोणी-पाव मागत उठून बसली.

पुढच्या आठवड्यात कॉफीगृहात एक डॉक्टर मिस्कीलपणे म्हणाला, "काय थर्लो, आता डॉक्टरकी बायकांच्या हाती दिलीस म्हणे?" सगळे खदखदून हसले. हेच हसू दोन वर्षांपूर्वी गिडियनच्याही तोंडावर होतं.

"हसा," तो म्हणाला. "मीही हसलो होतो. माझा मुलगा चर्चमागच्या मातीत आहे. माझ्या बहिणीला तेव्हाच कळलं होतं. ती बाई आहे आणि तिला शिकवणाऱ्या परक्या मुलखातल्या अडाणी म्हाताऱ्या, एवढ्यावर मी तिचं खोटं ठरवलं."

तो उठून घरी आला. त्याने ताईच्या हातून शिकलेली रीत, तिचं नाव घालून, गावातल्या प्रत्येक डॉक्टरला लिहून कळवली.

वाचकहो, औषध सांगणाऱ्याची जात, भाषा, पेहराव विचारत बसणाऱ्यांनी आजवर किती घरं उजाड केली असतील! गुण येतो की नाही, एवढंच तपासा. आपल्या अहंकाराची किंमत आपण क्वचितच मोजतो. ती आपल्या लेकरांना मोजावी लागते.