रुमैलाखालांची रडणारी कबर

बसऱ्याच्या कबरस्तानात सकाळपासून रीघ लागली होती. कुणी आंधळ्या आईला पाठीवर आणलं होतं, कुणी तापानं फणफणलेलं लेकरू. भर उन्हाळ्यात माती भाजून निघत होती, पण रुमैलाखालांच्या कबरीचा उशाकडचा दगड मात्र ओलाचिंब! त्यावरून थेंब थेंब पाणी ओघळत होतं.

"तुमच्यासाठी रडतेय माउली!" कबरीशेजारच्या आपल्या तंबूपुढे उभा सुवैद गर्जत होता. महिन्यापूर्वी हाच गडी उंटांच्या खरजेवर मलम विकत असे. "ताप, मूळव्याध, सवत, एका घोटात तिन्ही जातील! ढकलू नका, बाई. खाला रुसल्या तर मी जबाबदार नाही!"

लोक हसत, रडत आणि ओंजळ पुढे करत.

लुबाबानं खालांजवळ बारा वर्षं काढली होती. लोकर विणून पोट भरणाऱ्या खालांनी गल्लीतल्या मुलींना उंटाच्या हाडांवर अक्षरं गिरवायला शिकवलं. साथीत ज्या मुडद्यांना सख्खेही शिवेनात, त्यांना अंघोळ घातली. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या मातीवर काही उभारू नका. मागायचं ते अल्लाहकडे मागा, आणि दुखलं-खुपलं तर हकीम गाठा."

लुबाबाच्या थोरल्या बहिणीची, नुवैराची, पाच वर्षांची जुमाना जुलाबांनी गळून गेली होती. लुबाबा तिला मीठ घातलेली जवाची पेज घोट घोट पाजत होती. तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले, तेव्हा लुबाबा हकिमाला आणायला पलीकडच्या गावी गेली. ती परतेपर्यंत नुवैरानं पेज बंद करून कबरीचं पाणी सुरू केलं होतं. कबरीच्या पाण्यासोबत दुसरं काही दिलं तर खालांचा अपमान होतो, असं सुवैदनं सांगितलं होतं.

हकीम दारात पोचला, तेव्हा जुमाना गेलेली होती.

"सुवैद म्हणाला, श्रद्धा कमी पडली," नुवैरा भिंतीला टेकून पुटपुटली. "माझीच कमी पडली गं."

लुबाबा उठली आणि तडक कबरस्तानात गेली. नुवैरा फरफटत तिच्या मागे आली.

"हात लावलास तर झडेल!" सुवैद आडवा आला.

"खालांना शेवटची अंघोळ मी घातली. तेव्हा नाही झडला."

तिनं दगडामागचा ओल्या मातीचा उंचवटा उकरला. वीतभर आत, दगडाच्या माथ्याला चिकटवून पुरलेला एक कच्च्या भाजणीचा रांजण निघाला. त्याच्या तोंडातून एक पोकळ बोरू वाळूखालून थेट सुवैदच्या तंबूत गेला होता. तिथून पाणी ओतलं की रांजण पाझरे आणि दगड रडे.

"तुमच्या घरचा रांजणही असाच पाझरतो," लुबाबा म्हणाली. "त्याच्यापुढे कधी गुडघे टेकलेत?"

रांजणात हिरवट पाणी होतं, उंट डुंबतात त्या कालव्याचं. त्यात अळ्या वळवळत होत्या. सुवैद निसटू लागला, तशी लोकांनी त्याची मानगूट धरली. प्रत्येकानं घरी कुणाला ना कुणाला ते पाणी पाजलं होतं.

"म्हणजे माझी श्रद्धा कमी पडली नव्हती?" नुवैरानं विचारलं.

"नाही, आपा."

"मग मी माझ्या हातानं..."

लुबाबानं तिला छातीशी धरलं. तिला धरूनच ती लोकांकडे वळली.

"खालांवर माया असेल, तर त्या जगल्या तसं जगा. आजाऱ्याला हकिमाकडे न्या, मुलींना अक्षरं शिकवा. आणि कुणी पाणी पुढे केलं, तर ते कुठून आलं हे आधी विचारा. विचारल्यानं अल्लाह रागावत नाही. विचारलं नाही, म्हणून आमची जुमाना गेली."