हेमांगीचा ग्राहक क्रमांक

खानदेशात साठीच्या पुढच्या कुणालाही जन्मतारीख विचारा, एक जून हेच उत्तर यायचं. शाळेत नाव घालताना मास्तर आईला विचारायचे, पोर कधी झालं. आई सांगायची, ज्वारी खळ्यात होती तेव्हा. आणि मास्तर आपले एक जून लिहून मोकळे व्हायचे. जे शाळेचं तोंडही न बघता मोठे झाले, त्यांना पुढे आधार कार्डवाल्याने तीच तारीख चिकटवली. सगळी पिढी एका दिवशी जन्मली म्हणायची, दुसरं काय.

ही गंमत ललित भामरेइतकी कुणाला ठाऊक नसेल. धुळ्यात रिखबचंद शेठचं कापडाचं मोठं दुकान, तसंच दुसरं जळगावला, आणि दोन्हीकडच्या कंप्युटरचं सगळं ललितच्या हाती. गावोगावची मंडळी लग्नाचा बस्ता फाडायला गाडी भरून यायची, तेव्हा काउंटरवरच घरातल्या सगळ्यांची नावं, मोबाइल आणि वाढदिवस टिपून घ्यायची दुकानाची पद्धत. प्रत्येकाला एक ग्राहक क्रमांक. मग रोज सकाळी नऊला ललितने लिहून ठेवलेली क्वेरी आपोआप चालायची, आज वाढदिवस कुणाचा ते डेटाबेसमधून शोधून काढायची आणि त्यांच्या मोबाइलवर नावानिशी शुभेच्छा जायच्या. एक जूनला नुसता पूर.

ललित देवपुरात एकटा राहायचा. बायको हेमांगी मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास गेली, मूलबाळ नव्हतं. दुकानात सगळ्यांना माहीत होतं, पण विषय कुणी काढत नसे. नव्या माणसाने विचारलंच, वहिनी दिसत नाहीत, तर ललित सांगायचा, माहेरी गेलीय पहूरला. इतकं सहज सांगायचा की ऐकणाऱ्याने तिकडच्या केळीचा भावही विचारावा. एवढा हिशेबी माणूस, पण ती वारली हे एक वाक्य काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. आणि तिचा मोबाइल तो दर महिन्याला रिचार्ज करायचा.

त्याचं कारण मागच्या जूनमध्ये घडलं होतं. हेमांगीचा वाढदिवस पाच जूनचा, आणि तो खराखुरा, मास्तरांनी दिलेला नव्हे. त्या दिवशी नऊ वाजता कपाटात ठेवलेला तिचा फोन वाजला. हेमांगीताई, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, उदंड आयुष्य लाभो. मजकूर ललितचाच, क्वेरीही ललितचीच. तरी तो वाचून तो कितीतरी वेळ पलंगावर बसून राहिला. जगात अजून कुणीतरी तिला तिच्या नावाने हाक मारत होतं. वेडेपणा म्हणा हवं तर, पण वर्षभर तो या एका मेसेजच्या आधारावर होता आणि यंदाही त्याची वाट बघत होता.

अन् नेमकं मेअखेरीस जळगावच्या दुकानात भांडण झालं. एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध उरकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या नंबरवर उदंड आयुष्य लाभो. मुलाने दुकान डोक्यावर घेतलं. रिखबचंद शेठ आता फारसे येत नाहीत, कारभार नातू अखिल बघतो. त्याने ललितला सांगितलं की दोन्हीकडच्या सेल्समनना विचारा, जी जी माणसं वारली त्यांचं डेटाबेसमध्ये वेगळं टेबल करा, वेगळी यादीच म्हणा, त्यांना मेसेज जाता कामा नये. जाता जाता दारात थांबून तो हळूच म्हणाला, "ललितभाऊ, वहिनींचंही नाव घाला त्यात. उगाच तुम्हाला त्रास."

बिचारा चांगल्या मनानेच बोलला.

ललितने टेबल केलं. एकेक नाव, त्यापुढे ग्राहक क्रमांक. क्वेरीत एक अट वाढवली: ज्याचा क्रमांक या दिवंगतांच्या टेबलात नाही, त्यालाच शुभेच्छा पाठव. शेवटी हेमांगीचं नाव लिहिलं. ते लिहिणं भागच होतं, अखिल बघणार होता. पण क्रमांकाची जागा त्याने रिकामी सोडली. नाव दिसेल, क्रमांक जुळणार नाही, पाच तारखेला कपाटातला फोन वाजेल. एका रिकाम्या जागेने कुणाचं काय बिघडणार, असं त्याने स्वतःला समजावलं. नेहमी तो कुठलीही क्वेरी बदलली की चालवून बघायचा. त्या दिवशी त्याला त्या टेबलाकडे पुन्हा बघवेना, म्हणून तसाच घरी गेला.

एक जून उजाडला. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, दुकानात लग्नसराईची शेवटची गर्दी. दुपारी काउंटरवरच्या पोरीने एका म्हातारीला ललितच्या टेबलापाशी आणून सोडलं. या यशोदाबाई, सोनगीरच्या. नातीच्या लग्नाचा बस्ता त्यांनी इथेच फाडला होता. नवरा कधीच गेलेला, दोन्ही मुलं सुरतेला मिलमध्ये. मागच्या वर्षी एक जूनला त्यांना मेसेज आला, तो त्यांनी शेजारणीकडून वाचून घेतला आणि मग अख्ख्या गल्लीला दाखवला. जन्मात कुणी वाढदिवस केला नव्हता, अन् इथे नाव घेऊन शुभेच्छा! यंदा त्या सकाळपासून डोकं विंचरून ओट्यावर बसल्या होत्या. फोन काही वाजला नाही. दुपार झाली तशी त्यांनी एस.टी. पकडली.

ललितने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांनी पिशवीतून फोन काढून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, मन्हं नाव काढी टाकं का? मी आजून जित्ती शे."

मी अजून जिवंत आहे, हे रागाने नाही, अगदी चौकशी करावी तसं. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या दुकानाने मेलेल्यांची नावं काढलीत. ललितने घाईघाईने दिवंगतांचं टेबल उघडलं. यशोदाबाईंचं नाव त्यात नव्हतं. मग त्याने सकाळी गेलेले मेसेज बघितले. एकही गेला नव्हता. एक जूनला, जेव्हा पूर यायचा, तेव्हा ठणठणीत कोरडं. क्वेरी चालली होती, चूक काहीच दाखवली नव्हती, आणि एकही नाव निघालं नव्हतं.

कारण त्याला क्षणात कळलं. कंप्युटरचा स्वभाव फार सोवळा. त्याला विचारलं, यशोदाबाईंचा क्रमांक दिवंगतांत आहे का, तर तो एकेक ओळ बघत जातो. हा नाही, हा नाही, हाही नाही. मग रिकामी जागा लागते. इथे काय आहे? माहीत नाही. माहीत नाही म्हणजे कदाचित यशोदाबाईही असतील. मग त्या दिवंगतांत नाहीत असं खात्रीने कसं सांगू? आणि खात्री नसेल तर तो नाव देत नाही. जसं यशोदाबाईंच्या बाबतीत झालं, तसंच दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक जित्याजागत्या माणसाच्या बाबतीत झालं. क्वेरी शिकणाऱ्याला हा खड्डा पहिल्याच महिन्यात दाखवतात. ललितने स्वतः दहा जणांना दाखवला असेल. त्यातच तो पडला, कारण ती जागा त्याने डोळे मिटून सोडली होती. एका गेलेल्या बाईला थोडंसं जिवंत ठेवण्यापायी त्याने सगळ्या जिवंतांना गेलेल्यांत जमा केलं होतं. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

इलाज साधा होता. त्याने अट बदलली: ज्या ओळींत क्रमांक भरलेला आहे तेवढ्याच बघ, रिकाम्या सोडून दे. क्वेरी चालवली तशी नावं धडाधड उतरू लागली. थोड्या वेळाने यशोदाबाईंच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी तो ललितकडेच दिला. त्याने मेसेज वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि 'यशोदाबाई' आलं की मान डोलावली. मग फोन पदराने पुसून पिशवीत ठेवला आणि उठता उठता विचारलं, "तुन्हा घर कोन शे रे, भाऊ?"

पहूरचं वाक्य ललितच्या ओठांवर आलंच होतं. समोर ही म्हातारी, फक्त एवढं विचारायला उन्हातान्हात आलेली की मी आहे ना तुमच्याकडे.

"कोणी नाही," तो म्हणाला. "बायको होती. ती वारली."

यशोदाबाईंनी हळहळ केली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. "मन्हं बी तसंच शे," एवढंच म्हणाल्या, त्याच्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि एस.टी. चुकेल म्हणून निघाल्या.

ललित परत दिवंगतांच्या टेबलाकडे वळला. आता ती जागा रिकामी राहिली तरी कुणाचं अडणार नव्हतं. क्वेरी तिला ओलांडून पुढे जात होती, अखिलला कळणार नव्हतं, पाच तारखेला कपाटातला फोन वाजणार होता. कुणी काही मागत नव्हतं. पण आत्ताच जे तोंडाने बोललो ते इथे लपवायचं कसं, हे त्याला कळेना. तिचा क्रमांक शोधावा लागणार नव्हता. हा डेटाबेस नवा केला तेव्हा चालतो की नाही बघायला त्याने सगळ्यात पहिलं नाव तिचंच टाकलं होतं, आणि ती शेजारी बसून हसली होती. हेमांगी, ग्राहक क्रमांक एक. त्याने रिकाम्या जागेत एक लिहिलं. मग पाच जून तारीख घालून क्वेरी चालवून बघितली. अठरा नावं आली. त्यांत ती नव्हती. त्याने पुन्हा चालवली, पुन्हा अठराच.

पाच जूनला ललित पहाटेच उठला. अंघोळ केली, चहा केला. कपाटातून फोन काढला, चार्जिंग भरपूर होतं तरी चार्जरला लावला आणि समोर बसला. मेसेज येणार नाही हे जगात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. नऊ वाजले. देवपुरात, सोनगीरला, जळगावला अठरा घरांत फोन वाजले असतील. हा वाजला नाही. दुकानात जायची वेळ टळली तरी तो बसून राहिला. इतकी वर्षं क्वेऱ्या लिहिणाऱ्या ललितला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं की आपलं कुठेतरी चुकलेलं असावं आणि हा फोन वाजावा.