वाळला का गं रंग?

मित्रांनो, मी एक जुनी औषधपेटी आहे, सैन्याच्या दवाखान्यातली. एवढं ऐकूनच तुम्ही मला शूर समजाल, म्हणून आधीच सांगून टाकते, तसं काही नाही. माझ्या झाकणावर मधोमध एक बिनरंगाची फळी ठोकलेली आहे. ती पाहून लोक विचारतात, "इथे गोळी लागली होती का?" तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. गोळी कसली, फावडं लागलं होतं.

मला एका फटकळ सुताराने घडवलं. जाड लाकूड, लोखंडी कोपरे, उचलायला दोरखंडाच्या मुठी आणि आत लहान-मोठे खण. काम संपल्यावर त्याने माझं झाकण पुन्हा पुन्हा उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "पेटीचं काय, झाकण नीट चाललं की झालं." मला त्याचा रागच आला. तो माझ्या कोपऱ्यांचं कौतुक करील असं मला वाटलं होतं.

छावणीच्या टोकाला दवाखाना होता. त्यातल्या औषधखोलीत सैन्याचे औषधनिर्माते शिकून तयार होत. डॉक्टरसाहेब त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि म्हणायचे, "लढाईत दिवा लावायला वेळ मिळत नाही. हाताने ओळखा." मग ते बिचारे माझ्या खणांत चाचपडत. तापाची गोळी मागितली की कोणी जुलाबाची काढून द्यायचा आणि सगळी खोली हसायची. त्यांच्यात एक मुलगी मात्र कधी चुकत नसे. तिचे वडील घरांना रंग देण्याचं काम करत, म्हणून आमच्या मामांनी तिचं नाव ठेवलं होतं 'रंगाऱ्याची लेक'.

मामा म्हणजे छावणीचे आचारी. डॉक्टरसाहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणत. स्वयंपाकघर शेजारीच होतं. माझी उंची मामांच्या दुखऱ्या गुडघ्यांना सोयीची, म्हणून दुपारी ते मला ओसरीवर ओढून आणत आणि माझ्यावर ऐसपैस बसून बटाटे सोलत. औषध लागलं की मुलगी म्हणायची, "मामा, उठा." ते उठायचे, मी उघडायची, मिटायची, ते पुन्हा बसायचे. मिठाची चिमूट टाकून ते कधी चाखून बघत नसत. "चाखावं लागलं तर आचारी कसला?" असं म्हणत. माझे ते दिवस फार सुखाचे होते. तेव्हा ते मला कळलं नाही.

मग मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं आणि छावणीला रंगाचं वेड लागलं. रस्त्याकडेचे दगड रंगले, बादल्या रंगल्या, झाडांचे बुंधे रंगले. मला रंगवायचं काम मुलीने स्वतःहून मागून घेतलं. आधी तिने आतली सगळी औषधं तपासून जागच्या जागी लावली. मग झाकण मिटून तिने हिरव्या रंगाचा एक हात दिला, तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. बिजागऱ्या, कडी, झाकणाची फट, काही सोडलं नाही. वडिलांचा हात होता तिला. शेवटी झाकण कुठे संपतं आणि पेटी कुठे सुरू होते तेही दिसेना.

मामा बटाट्यांची परात घेऊन आले तशी ती ओरडली, "मामा, बसू नका हं, रंग ओला आहे!"

"बरं बाई. वाळला की सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "वाळला का गं रंग?" वाळला होता. पण ती म्हणाली, "पाहणी होऊ द्या ना, मामा." तेव्हापासून मामा पालथ्या बादलीवर बसू लागले. गुडघे धरून उठताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघायचं. मला ते ऐकू यायचं, पण मी आपली चमकत बसले होते.

पाहणीच्या दिवशी मोठ्या साहेबांना माझ्यात स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी त्यात पाहून टोपी सरळ केली आणि म्हणाले, "याला म्हणतात पेटी!" मला उघडून कोणीच पाहिलं नाही. मुलीची छाती अभिमानाने फुगली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. पुढे मला चादरीखाली जपून ठेवलं. सराव एका पोचे पडलेल्या पेटीवर होऊ लागला आणि मी तिच्याकडे पाहून मनातल्या मनात नाक मुरडू लागले.

काही दिवसांनी डोंगरात सरावाचा मुक्काम पडला. सगळ्यांत देखणी म्हणून मलाच बरोबर नेलं. मामांनी एका झाडाखाली चूल पेटवली. धूर वर गेला आणि फांदीवरचं मधमाश्यांचं पोळं उठलं. मामांना इतक्या माश्या चावल्या की बघता बघता तोंड सुजलं, गळा दाटला, श्वास घेता येईना. डॉक्टरसाहेब ओरडले, "पेटी आणा!"

अशा वेळी द्यायचं इंजेक्शन माझ्या डाव्या खणात होतं. त्या मुलीला ते डोळे झाकूनही सापडलं असतं. तिने कडी ओढली, पण कडी हलेना. झाकणाला फट सापडेना. तिने नखांनी खरवडलं, सुरी घातली, सुरी मोडली.

"उघडत का नाही?" साहेब किंचाळले.

"साहेब, रंग..." एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, चारचौघांत अशी फजिती कोणाची होऊ नये. माणूस समोर गुदमरत होता, औषध माझ्या पोटात होतं आणि मी तोंड मिटून चमकत होते. साहेबांनी फावडं उचलून माझं झाकण फोडलं. मुलीचा हात सरळ डाव्या खणात गेला. पण तोवर मामांचा श्वास थांबला होता. इंजेक्शन दिल्यावर, छाती दाबून दाबून, तो कसाबसा परत आला.

मामा वाचले. डॉक्टरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ती एकटी चुकली नाही. मीही उघडून पाहिलं नव्हतं." पुढे मामा स्वयंपाकघरात परतले तेव्हा एके दिवशी जेवण खारट झालं, दुसऱ्या दिवशी अगदी अळणी. श्वास थांबला तेवढ्या वेळात त्यांच्या मेंदूला इजा झाली होती; मीठ टाकलं की नाही हे त्यांच्या ध्यानातच राहत नव्हतं. ते पळी तोंडाला लावत आणि कशासाठी लावली तेच विसरत. जवान मुकाट्याने जेवत. कोणी एक शब्द बोललं नाही, याचीच मला जास्त लाज वाटत असे.

मग मामांना घरी पाठवायचं ठरलं. त्यांना न्यायला त्यांची मुलगी आली. तिला ओसरीवर थांबवून ते माझ्याजवळ आले. माझ्या झाकणावर तेव्हा ही नवी फळी ठोकलेली होती. रंगाऱ्याची लेक बाजूलाच उभी होती. मामांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचं नाव त्यांना आठवलं नाही, त्यांनीच ठेवलेलं टोपणनावही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "वाळला का गं रंग?"

ती म्हणाली, "वाळला, मामा. बसा."

ते बसले. माझ्यावर हात फिरवून म्हणाले, "उंची झकास आहे." ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला मात्र तोंड फिरवायचीही सोय नव्हती.

आज ती केस पिकलेली शिक्षिका आहे. नवे विद्यार्थी आले की डोळ्यांवर रुमाल बांधण्याआधी ती त्यांना माझ्यापुढे उभं करते आणि म्हणते, "आधी उघडा." मग सगळी गोष्ट सांगते. मामांच्या शेवटच्या प्रश्नापाशी आली की दर वेळी ती माझ्या फळीवर हात ठेवते, आणि दर वेळी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं.

परवा नवीन भांडारपाल रंगाचा डबा घेऊन आला. "मॅडम, ही फळी वाईट दिसते हो. एक हात मारू का?"

"डबा उचल," ती म्हणाली. त्याने उचलला. पण ती आता निवृत्त होणार आहे, आणि डबा भांडारातच आहे.

म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या घरातही अडीअडचणीसाठी जपून ठेवलेली एखादी पेटी असेल, औषधांचा डबा असेल. तो पुसून ठेवा, पण उघडूनही बघत जा. आणि कधी इकडे आलात, तर माझं झाकण उघडा, मिटा, खुशाल माझ्यावर बसा, बटाटे सोला. कोणाला विचारू नका. रंग केव्हाच वाळला आहे.