चौथ्या वाफ्याचं पाणी

वराळ्याजवळच्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये भामाबाई अकरा वर्षं पाणी देत होत्या, तेही हातानं कॉक फिरवून. यंदा मालकांनी पाणी फोनवरून सोडायची सोय केली आणि सुपरवायझर राजेंद्रनं तो फोन भामाबाईंच्याच गळ्यात मारला. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी चौथ्या वाफ्यातल्या कळ्यांनी माना टाकल्या.

फोन म्हणत होता, माती ओली आहे. भामाबाईंनी चिमूटभर माती उचलली, तर तिचा नुसता भुगा. त्यांना एकदम आठवलं, काल पदरानं फोनची काच पुसताना बोट कुठंतरी दाबलं गेलं होतं. म्हणजे आपणच बिघडवलं! राजेंद्र तळेगावला गेलेला. शेवटी त्यांनी ही यंत्रणा बसवून देणाऱ्या चैतालीला फोन लावला.

"घाबरू नका, मावशी. आधी सेटिंग उघडा, मग सर्व्हरला..."

"पोरी, आतलं मला कायबी कळायचं न्हाई," भामाबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "एवढंच सांग, माती ओली हाय का सुकी, हे त्याला कळतं कसं?"

चैतालीनं सेटिंगचं सोडून दिलं. "प्रत्येक वाफ्यात एक पांढरी काडी खोचली आहे ना? ती सांगते, तेवढंच त्याला कळतं."

भामाबाईंनी अख्खा वाफा धुंडाळला. काडी नव्हतीच. ती सापडली पार कडेला, मोठ्या पाइपाचा सांधा गळत होता तिथल्या चिखलात. परवा खुरपताना कुणीतरी उपटून तिथं रोवली असणार. त्यांनी ती पुसली आणि झाडाच्या मुळाशी नीट खोचली.

"आता दोन मिनिटं थांबा," चैताली म्हणाली.

दोनाची चार झाली. मग कट्‌कन व्हॉल्व्ह उघडला आणि ठिबकच्या नळ्यांतून थेंब पडू लागले.

"म्हंजे मी न्हाई बिघडवलं?"

"छे! बोट लागून ते बिघडत नाही. उलट तुम्ही माती हातात घेतली, म्हणून तर कळलं."

भामाबाई तिथंच बांधावर बसल्या आणि एकट्याच हसल्या. किती तरी वेळानं त्यांनी मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी राजेंद्र आला, तोवर कळ्या पुन्हा ताठ झाल्या होत्या. सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला पुण्याला ट्रेनिंगला पाठवू का?"

"त्ये राहू द्या, भाऊ," भामाबाई उठत म्हणाल्या. "बाकीच्या काड्या कुटं कुटं हायेत, तेवढं आत्ताच दाखवा."