चटणीतली गोळी

केनवडच्या बाजारात त्या दिवशी कांद्या-मिरचीच्या दुकानांपेक्षा जास्त गर्दी नसखोल महाराजांच्या मांडवात होती. हृदयाच्या नसा बंद झालेले, होतील म्हणून घाबरलेले आणि नुसतेच बघे, सगळे एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून पाहत होते. खुर्चीवर जगदेव बसला होता, पाय पाण्याच्या टबात. महाराजांनी पाण्यात मूठभर 'हिमालयाचा क्षार' टाकला, वायरी लावलेल्या डब्याचं बटण दाबलं आणि बघता बघता पाणी पिवळं, मग तांबडं, मग गढूळ काळपट झालं. वर फेस आला, फेसात कण तरंगू लागले.

"हे पाहा ब्लॉकेज. डॉक्टर याच्यासाठी छाती फाडते, आपण पायातून काढतो. वर चढते तो विकार, खाली उतरते तो उपचार!"

याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून तो सगळ्यांना पटला.

जगदेवच्या बायकोच्या, रुख्मिणीच्या डोळ्यांना धार लागली. नवऱ्याच्या छातीत पहिल्यांदा कळ आली, तेव्हापासून तिनं डॉक्टरांचं ऐकून चूल बदलली होती. मीठ बेतानं, तेल चमच्यानं, ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, जवसाची चटणी, आणि वर रोजची गोळी. जगदेव ताटाकडे पाहून म्हणायचा, "असं बेचव खाऊन जगण्यापरीस मेलेलं बरं." आता महाराज म्हणत होते, "पथ्य सोडा. भजे खा, मटन खा. फक्त एक ध्यानात ठेवजा. नस उघडल्यावर डॉक्टरची गोळी पोटात गेली, तं ते नस अशी मिटन का देवालेही उघडता येनार नाई."

शेजारी राहणारे, शाळेत विज्ञान शिकवणारे संघदीप मास्तर घरी येऊन सांगून गेले, "भाऊ, गोळी सोडू नका." जगदेव हसला. "मास्तर, तुमी ते पाणी पाह्यलं नाई."

घरात तळणाचा वास परतला. जगदेव बोटं चाटून जेवायचा आणि खरं सांगायचं तर ते बघून रुख्मिणीलाही बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही? पण एका सकाळी बैल सोडता सोडता तो छाती धरून खाली बसला. घामानं सदरा भिजला. "काही नाई, पित्त हाय," म्हणाला. दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकेना. रुख्मिणीला राहवलं नाही. फडताळात उरलेल्या गोळ्यांतली एक तिनं कुटली, जवसाच्या चटणीत कालवली आणि गुपचूप त्याच्या भाकरीवर वाढली.

दुसऱ्या दिवशी तुरीच्या वावरात जगदेव कोसळला, तो उठलाच नाही.

तेरवी झाली तरी रुख्मिणी कुणाशी बोलेना. चटणीची बरणी तिनं उकिरड्यावर फेकून दिली होती. संघदीप मास्तर भेटायला आले, तेव्हा कुठं तिच्या तोंडून निघालं, "मास्तर, यायले म्याच मारलं. म्या चोरून गोळी देल्ली. उघडलेली नस मिटली."

नुसत्या सांगण्यानं तिला पटायचं नाही, हे मास्तरांनी ओळखलं. मग म्हणाले, "वैनी, येत्या बाजारी माह्यासंगं केनवडले चाला."

मांडव तसाच होता. महाराजांनी टबात ताजं पाणी भरून क्षार टाकला होता. खुर्चीवर पाय सोडून बसली होती धुरपताबाई, रुख्मिणीचीच मावसबहीण. मास्तर पुढं झाले. "महाराज, यायचे पाय बाहेर ठेवून यंत्र चालवा."

"पायाबिगर विकार कुठून येईन? जीव लागते त्यात."

"मंग वांगं ठेवून पाहू," रुख्मिणी म्हणाली. "आजच झाडावरून तोडलेलं हाय, जीव हाय त्यात. धुरपते, पाय काढ." बहिणीच्या पिशवीतलं वांगं तिनं टबात सोडलं. महाराज वायर ओढू लागले, पण लोकांनी ती ओढू दिली नाही. मास्तरांनी बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, तांबडं झालं, काळपट झालं.

"महाराज, वांग्याले कधी अटॅक आलता?" मागून कुणीतरी विचारलं आणि मांडवभर हशा पिकला. महाराज ग्रहांचं काहीतरी पुटपुटत चपला शोधू लागले.

मास्तरांनी वायरीच्या टोकाला बांधून टबात बुडवलेली झिजकी सळई वर काढली. "हे साधं लोखंड. मिठाच्या पाण्यात वीज सोडली का लोखंड झिजते, त्याचा गंज पाण्यात उतरते. तोच हा रंग. पाय ठेवा, वांगं ठेवा, नाई तं काहीच ठेवू नका. नसांत साचलेली चरबी तळपायातून गळत नसते."

लोक अजून हसत होते. रुख्मिणीनं मास्तरांची बाही धरली.

"म्हंजे ते गोळीनं नाई गेले?"

"नाई वैनी. गोळीनं नाई."

तिनं श्वास सोडला, पण तो पुरता सुटलाच नाही.

"मंग म्या रोज कुटून देल्ली असती तं?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. त्या घडीला ते माणुसकीचंच झालं असतं. पण खोट्यानंच तर हा मांडव उभा होता. "सांगता येत नाई वैनी," ते म्हणाले. "कदाचित राह्यले असते."

रुख्मिणी तिथंच मातीत बसली आणि मोठ्यानं रडली, तेरवीपर्यंत रडली नव्हती तेवढी. हशा थांबला. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बहिणीकडे पाहिलं.

"तुह्या गोळ्या कुठी हायेत, धुरपते?"

"बंद केल्या वं. महाराजनं सांगतलं होतं."

"आजच डॉक्टरकडं जाय अन् इचार. जेवण अळणी लागलं तं लागू दे, पन ताटावर माणूस राह्यलं पाह्यजे. अन् कोनी पाणी काळं करून दाखवलं, तं त्याले इचार, काहून झालं? कसं झालं? आमी इचारलं नाई वं."