पायरी नसलेली गाडी

“बाळा, गाडी तुला हवी तशी घे. फक्त तिला पायरी ठेव. माझ्या गुडघ्यांना विसरू नकोस.”

मित्रांनो, या देशात आल्यावर माझ्या कानावर नीट पडलेला हा पहिला आवाज. कुबातने फोन माझ्या बॉनेटवर ठेवला होता आणि फोनमधून त्याची आई, बुरुल आपा, बोलत होती. आमच्याकडे आईला आपा म्हणतात.

मी एक जुनी डोंगरगाडी आहे. चारही चाकांनी ओढणारी. जपानच्या एका बंदराजवळ एका शांत डॉक्टरांकडे माझी पहिली वर्षं गेली. ते गेले आणि मी जहाजातून, मग मालगाडीतून या देशाच्या राजधानीत, बिश्केकला आले. तिथे शहराबाहेरच्या एका दुकानामागे आम्ही काही गाड्या ओळीत उभ्या होतो. जुन्या गाड्यांना डोंगरासाठी नटवायचं, हाच त्या दुकानाचा धंदा होता.

कुबात नारिनकडच्या खोऱ्यातला. त्याचे वडील असनबाय मेंढपाळ होते. दर उन्हाळ्यात घाट ओलांडून उंचावरच्या कुरणात कळप न्यायचा आणि बर्फाआधी परतायचं, असं त्यांचं आयुष्य. एका उन्हाळ्यात ते कुरणातच वारले आणि तिथल्याच मातीत गेले. पुढे आपाचे गुडघे धरले आणि घोड्यावर बसणं संपलं. ट्रकच्या हौद्यात बसवून नेऊ का, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, “मी काय मेंढी आहे?” तेव्हा कुबातने तिचा हात धरून शब्द दिला होता, “आपा, गाडी घेतली की पहिली फेरी तुझी. तुला बाबांपाशी नेतो.”

म्हणजे मला घेतलं ते आपासाठी. एवढं लक्षात ठेवा, कारण त्या दुकानात थोड्याच वेळात ते विसरलं गेलं.

दुकानदार गोड बोलणारा होता. त्याने आधी उंच स्प्रिंगा दाखवल्या. त्या लावल्या की गाडी दगडांवरून सहज जाते. मग दांडगे टायर आले. मग नदीत पाणी शिरू नये म्हणून छतापर्यंत चढवायची श्वासनळी, आणि चिखलातून ओढून काढणारं पोलादी दोराचं विंच. एकेक वस्तू कामाची होती, खोटं कसं सांगू? कुबातचे डोळे चमकत होते.

“आणि पायरी?” त्याने विचारलं.

“लावतो की. पण दगडाला घासेल, वाकेल,” दुकानदार म्हणाला. “आणि खरं सांगू का भाऊ, एवढी मर्दानी गाडी आणि तिला म्हातारीची पायरी? त्यापेक्षा छतावर दिव्यांची रांग घ्या. अख्खा घाट उजळेल.”

कुबात हसला. मग त्याने माझ्या बॉनेटवरून हात फिरवला. शेवटी म्हणाला, “बरं, दिवे लावा. पायरी काय, गावातही करता येईल.”

दिवे लागले आणि मी खूश झाले. दुकानांच्या काचांसमोरून जाताना स्वतःकडे बघत होते. तो आनंद आता आठवला की टोचतो.

गावात माझं स्वागत झालं. रिवाजाप्रमाणे मेंढा कापला, त्याचं रक्त माझ्या चाकांना लावलं. बायकांनी बोर्सोक, म्हणजे पिठाचे छोटे गोळे, तळले. तळणीचा तो वास गेलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. कुबातची बायको गुलबारा मुद्दाम दार उघडं ठेवून तळत होती. सगळ्यांनी तळहात पसरून आशीर्वाद दिला. मग आपा आली. पांढरा रुमाल बांधलेली, हातात असनबायसाठी बोर्सोकचं गाठोडं.

तिने माझ्या दाराला हात लावला. पाय उचलला. गुडघा जेमतेम टायरच्या निम्म्यापर्यंत आला आणि थांबला. तिने पाय खाली ठेवला, पुन्हा उचलला.

मित्रांनो, आमच्याकडे वडीलधारं माणूस घोड्यावर चढताना धाकट्याने रिकीब, म्हणजे खोगिराची पाय ठेवायची कडी, धरायची असते. हे कोणी शिकवावं लागत नाही. कुबात तर आल्यागेल्या पाहुण्याची रिकीब धरत मोठा झाला होता. म्हणून शेजारच्या जुमाशने जे म्हटलं त्याचा अर्थ सगळ्यांना लगेच कळला.

“घोडा उंच आणलास रे कुबात. रिकीब कुठं विसरलास?”

लोक हसले. वाईट मनाने नव्हे. कुबातचे कान लाल झाले. तो पुढे झाला, “आपा, मी उचलून बसवतो.”

“मेल्यावर उचला,” आपा हळूच म्हणाली. “तोवर मी माझ्या पायानं चढेन.” मग तिने गाठोडं गुलबाराच्या हाती दिलं. “तुम्ही जा. पुढच्या उन्हाळ्यात मी येईन. तोवर पायरी होईल.”

त्या दिवशी घाट चढताना गुलबारा गाठोडं घेऊन मागे बसली आणि माझी पुढची जागा रिकामी राहिली. एवढी ताकद अंगात असून मला ती जागा जड वाटत होती.

पुढच्या उन्हाळ्यात पायरी झाली नाही. कुबात वाईट मुलगा नव्हता हो. दर थंडीत तो म्हणायचा, “आपा, यंदा नक्की.” पण कुरणात तंबूंमध्ये राहायला परदेशी पाहुणे येऊ लागले होते आणि त्यांना न्यायला मीच लागायचे. मग कधी छतावर तंबू बसवला, कधी मागे फोन चार्ज करायची सोय केली. जे पाहुणे मागायचे ते व्हायचं. आपा मागत नव्हती. तरणी पोरं एका उडीत माझ्यात चढायची, आपाच्या जागी बसायची, माझे फोटो काढायची. “काय दणकट गाडी आहे,” म्हणायची. प्रत्येक वेळी आपा फाटकाशी उभी राहून आम्ही दिसेनासे होईपर्यंत बघायची.

कुबात आरशात बघायचा नाही. मला आरसा झाकता येत नव्हता.

मग एका हिवाळ्यात आपा आजारी पडली. अंथरुणावरून उठली तेव्हा हातात काठी आली होती आणि अंगावरचं मांस गेलं होतं. तरी पहाटे उठून नमाज पढायचा तिचा नेम सुटला नाही. बर्फ वितळायला लागल्यावर कुबात मला घेऊन घाटाचा रस्ता बघून आला. चिखलाने माझी चाकं भरली होती. मला अंगणात उभी करून तो अवजारं ठेवायला शेडमध्ये गेला.

काठी टेकत आपा बाहेर आली. तिने कमरेचा रुमाल जमिनीवर पसरला आणि चमच्याच्या दांड्याने माझ्या चाकावरची माती खरवडून त्यात घ्यायला लागली.

“आपा, चिखल कशाला गोळा करताय?” गुलबाराने विचारलं.

“चिखल कुठला गं. ही असनबायच्या कुरणाच्या वाटेवरची माती आहे.” तिने चिमूट नाकाशी नेली. “बघ, रानदवण्याचा वास आहे अजून. मला तिथं जाता येत नाही, तर गाडी आणून देते थोडी थोडी. दर वर्षी घेते मी. माझ्या कबरीत घालशील ना ही, विसरू नकोस.”

कुबात शेडच्या दारात उभा होता. त्याच्या हातात पाना होता. त्याने ते ऐकलं होतं. आपा आत गेल्यावर तो येऊन माझ्यात बसला, दार लावून घेतलं, आणि सुकाणूवर कपाळ टेकलं. त्याच्या श्वासाने माझ्या काचा धुरकटल्या. मला वाटलं, माझ्या छतावरचे दिवे कोणीतरी उपटून न्यावेत.

दुसऱ्या दिवशी त्याने ते खरंच उतरवले. दुकानदाराने सोबत दिलेल्या, शेडच्या कोपऱ्यात टांगलेल्या माझ्या मूळच्या स्प्रिंगा काढून परत बसवल्या. मी खाली आले. लोखंडी नळ्या आणून त्याने पायरी जोडली, वर पाय घसरू नये म्हणून खरबरीत पत्रा ठोकला. आत धरायला मूठ बसवली आणि थंड लोखंड हाताला लागू नये म्हणून तिला लोकरीचा नमदा गुंडाळला. मग त्याने स्वतःच्या गुडघ्याला फळी बांधली, पाय ताठ केला आणि माझ्यात चढून बघितलं. पडला.

गुलबारा दारातून हसली. “अहो, काय खेळ चाललाय?”

तो पुन्हा चढला, पुन्हा घसरला. फळी का बांधली आहे ते तिच्या ध्यानात आलं आणि तिचं हसू मावळलं. त्याने जोड तोडला आणि पायरी वीतभर खाली घेतली.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन गाड्या घ्याल. दुकानात तुम्हाला खूप काही दाखवतील, आणि त्यातलं बरंच खरोखर चांगलं असेल. पण निवडण्याआधी डोळे मिटून एकदा आठवा, हिच्यात कोणाला बसवायचं म्हणून आपण निघालो होतो. त्या माणसाचा गुडघा कुठवर उचलतो ते आधी बघा. आपली माणसं पुन्हा पुन्हा मागत नाहीत. ती फाटकाशी उभी राहतात.

आज पहाटे घाट उघडल्याचा निरोप आला. कुबातने मेंढा आणला नाही, शेजाऱ्यांना सांगितलं नाही. बाहीने माझी पायरी पुसली आणि आपाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तिचा नमाज चालू होता. तिचे तळहात चेहऱ्यावरून खाली येईपर्यंत तो थांबला.

“आपा, चल.”

तिने काठी उचलली. रुमाल बांधला, गुलबाराने दिलेलं बोर्सोकचं गाठोडं घेतलं. माझ्यापाशी आल्यावर कुबात चिखलात गुडघे टेकून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी पायरी धरली. पायरी पक्की जोडलेली होती, धरायची गरज नव्हती. तरी त्याने रिकिबीसारखी धरली.

आपाने पाय ठेवला. केवढंसं वजन होतं ते. एवढं वजन उचलायला आम्हाला इतके उन्हाळे लागले.

कुबातने हॉर्न न वाजवता मला हळूच फाटकाबाहेर काढलं.