गवती चहाच्या बादल्या

मंदाकिनीबाईंचं डोकं फिरलं ते बुधवारी सकाळी. गोत्रीतल्या सोसायटीच्या कुंपणालगत त्यांनी तीन वर्षं वाढवलेली तुळस, गवती चहा, निर्गुडी, सगळं मुळासकट उपटून कुणीतरी कचऱ्यात टाकलं होतं. कुणीतरी कसलं, सेक्रेटरी गजेंद्रनंच.

"झाडांत मच्छर होतात ने, काकू," तो मोटरसायकल काढत गुजराती वळणानं म्हणाला. मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळी गाठायची होती.

"मच्छर पाण्यात होतात. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय मी. लोकांचे तुंबलेले कूलर दिसत नाहीत तुला?"

गेल्या वर्षी नात आकांक्षा डेंग्यूनं नऊ दिवस दवाखान्यात होती. तेव्हापासून निर्गुडीच्या पाल्याची धुरी केल्याशिवाय बाई पोरीला झोपू देत नसत. आणि हा शहाणा तीच निर्गुडी उपटतो. "येत्या मीटिंगमध्ये बघतेच तुला," त्या म्हणाल्या. "ज्याच्या घरी साठलेलं पाणी सापडेल, त्याचं नाव सोसायटीच्या फळ्यावर लागलं पाहिजे."

रागारागानं त्यांनी जगतील त्या काड्या आणि ठोंब वेचले, बाल्कनीत पाच बादल्या भरल्या आणि सगळं पाण्यात उभं केलं. पुढचे दहा दिवस डोक्यात फक्त मीटिंग. सून मनालीनं पाणी बदलू का विचारलं, तर तिच्यावरच खेकसल्या, "हात लावू नकोस, मुळं फुटताहेत."

मीटिंगला त्या एक बादली घेऊनच उतरल्या, मागे आकांक्षा. फळ्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला, गजेंद्रनंही हात वर केला. "आता ही झाडं परत लागणार," म्हणत बाईंनी बादली टेबलावर आदळली.

आकांक्षा वाकून बघत होती. "आजी, यात अळ्या आहेत. वळवळताहेत."

सगळे बादलीभोवती जमले. गजेंद्रनंही वाकून बघितलं, पण तो हसला नाही, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं. तो हसला असता तर भांडता तरी आलं असतं. डासाची अळी त्यांनी फळ्यावर किती वर्गांना काढून दाखवली होती. आणि वर अजून चार बादल्या होत्या, पोरीच्या खिडकीखाली. संताप तसाच होता, पण आता तो गजेंद्रवर नव्हता.

त्यांनी बादली अंगणातल्या तापलेल्या फरशीवर ओतली. मग खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव, घर नंबरासकट लिहिलं.

"वर चल," त्या गजेंद्रला म्हणाल्या. "अजून चार आहेत. मला एकटीला उचलायच्या नाहीत."